१५ हजारांत गाडीचा कंपनी साऊंड सुधारायचाय, आधी काय बदलू? (मुक्काम रत्नागिरी)

हातखंबा_तिठा

मंडळी, जरा मदत हवी आहे. गाडी छोटी हॅचबॅक, मधलं व्हेरिएंट, वॉरंटी अजून चालू. (गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून मायलेज आणि पत्र्याची जाडी सुरू होते.) रोज रत्नागिरी ते लांजा आणि परत.

कंपनीने टचस्क्रीन दिलाय, त्याबद्दल तक्रार नाही. स्टिअरिंगवर बटणं आहेत, रिव्हर्स कॅमेरा त्यातच दिसतो. पण आवाज! पुढच्या दारांत दोन स्पीकर. मागच्या दारांत जाळी आहे आणि जाळीमागे हवा. आवाज जरा वर नेला की गायकाचा गळा बसतो, आणि हायवेच्या काँक्रीटवर टायरची घरघर सुरू झाली की डग्गा गायब, नुसती तबल्याची टिकटिक उरते.

बजेट १५ हजार, फिटिंगसकट. ॲक्सेसरीवाल्याने पहिल्या वाक्यात बेसट्यूब (डिक्कीत ठेवायचं बेसचं नळकांडं) सुचवली आणि दुसऱ्यात अँड्रॉइड स्क्रीन. दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला सांगता येईना. ऐकतो काय, तर नाट्यसंगीत, डबलबारी (दोन बुवांच्या भजनांचा सामना), जुनी हिंदी गाणी आणि आकाशवाणी रत्नागिरी. काचा थरथरवायच्या नाहीत. सुरुवात कुठून करू?

सोलकढी

भाट्याला जा, काचा खाली करा, समुद्र ऐका. खर्च शून्य, वॉरंटी शाबूत.

घाटमाथा

सोलकढी :))

मूळ प्रश्नावर येतो. आधी हेड युनिट, म्हणजे डॅशमधला स्टिरिओ. बरेचसे कंपनी स्क्रीन आवाज वाढवला की आतल्या आत बेस कापत जातात, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. त्यापुढे कितीही महाग स्पीकर लावा, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोल्हापुरात आमच्या घरच्या गाड्यांना मी हेच केलं. सोनी, पायोनियर, केनवूड, ज्याचा सेटअप मेनू आवडेल तो घ्या. इक्वलायझर मिळतो, क्रॉसओव्हर (कुठले सूर कुठल्या स्पीकरला ते ठरवणारा) मिळतो, पुढे अँप (आवाजाला ताकद देणारा वेगळा डबा) जोडायला मागे प्रीआउट मिळतात.

दापोली_ते_दाभोळ

आड-पोहरा मान्य. पण यांच्या बजेटमध्ये आड खणून होईल आणि पोहऱ्याला पैसे उरणार नाहीत. वर स्टिअरिंगची बटणं आणि कॅमेरा नव्या स्टिरिओशी जुळवायला वेगळा इंटरफेस, वेगळी डॅश फ्रेम. तो खर्च ॲक्सेसरीवाला बिल करतानाच सांगतो.

आता ताकदीचं बोलू. खोक्यावर ‘५० वॉट × ४’ छापलेलं असतं ते ‘पीक’, म्हणजे क्षणभराचा आकडा. गाडी चालू असताना वायरिंगमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टिरिओच्या आत हे व्होल्टेज वाढवणारा भाग सहसा नसतो. ४ ओहमच्या स्पीकरला ब्रिज करून (स्पीकरची दोन्ही टोकं चालवून) दिलं तरी कागदावर चॅनेलला २६ वॉटच्या आत-बाहेर निघतात आणि प्रत्यक्षात, आवाज न फाटता, १५ ते २०. कंपनीच्या स्क्रीनचं हेच गणित आणि बाहेरून आणलेल्या १० हजारांच्या स्टिरिओचंही हेच. स्टिरिओ बदलून सोयी वाढतात, वॉट वाढत नाहीत.

म्हणून त्याच १५-२० वॉटांत जास्त वाजणारे स्पीकर शोधा. खोक्यावर वॉट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत किती डेसिबल आवाज निघतो ते. ८८ डेसिबलवाल्याच्या जागी ९१ वाला घेतला, तर तेवढाच आवाज निम्म्या वॉटांत मिळतो. यात एक गोम आहे. काही कंपन्या हा आकडा १ वॉटला मोजतात, काही २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट झाले, आकडा बसल्या जागी ३ ने फुगला. तुलना करताना बारीक अक्षरं वाचा.

हातखंबा_तिठा

बापरे. मग दुकानात ‘३०० वॉट’ लिहिलेले सहा इंची होते ते काय?

दापोली_ते_दाभोळ

स्पीकर क्षणभर किती सोसेल त्याचा तो आकडा, त्यातही छापणाऱ्याची हौस मिसळलेली. त्याच खोक्यावर बाजूला ‘आरएमएस’ (सतत सोसेल ती ताकद) शोधा, ३५-४० निघेल. आणि तोही सोसण्याचा आकडा आहे, निघण्याचा नाही.

जुना_वायरमन

दादा, मी कुडाळात हेच काम करतो. वरच्या दोघांचं बरोबर आहे, पण दोघांनीही अजून दार उघडलेलं नाही. कोकणात गाडीचा साऊंड खारा वारा आणि पाऊस मिळून खातात. ब्रँड नंतर.

दाराचं पॅड काढलं की आतल्या पत्र्याला पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं दिसतं, कडेने काळा चिकट ब्यूटाइलचा पट्टा. ते पॅकिंगचं प्लॅस्टिक राहून गेलं असं समजून कित्येक पोरं ते फाडून टाकतात. काचेवरून उतरणारं पाणी दारात शिरतंच, वरचं रबर सगळं अडवत नाही. ते आतून वाहत तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ते पाणी पॅडकडे येऊ नये म्हणून हे प्लॅस्टिक असतं. ते गेलं की जूनमध्ये पॅडचा पुठ्ठा फुगतो, कार्पेट ओलं राहतं, दार उघडलं की कुबट वास. गिऱ्हाईक म्हणतं काचेचं रबर गेलं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथे ही गंमत एका मोसमात कळते.

आता बेस कुठे जातो ते सांगतो. स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा मागून ओढत असतो, म्हणजे मागचा आवाज पुढच्याच्या उलट. आतल्या पत्र्याला काचेच्या मशीनसाठी हात जाईल एवढी भोकं असतात. मागचा आवाज त्यातून पुढे आला की खालचे सूर एकमेकांना मारतात. ती भोकं बंद करा आणि बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट) लावा, तोच कंपनीचा स्पीकर वेगळा वाजायला लागतो. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही. स्पीकरच्या बरोब्बर मागे आणि मधला मोकळा भाग झाला की पुरे. बोटाने ठोकून बघा, आधी टण्ण वाजेल, शीट रोलरने नीट दाबली की ठप्प. तळाची पाणी जायची भोकं मात्र मोकळी ठेवायची, आणि काच पूर्ण खाली-वर करून शीटला घासत नाही ना ते पॅड बसवायच्या आधी बघायचं.

शीट ब्यूटाइलची घ्या. गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण मे महिन्यात गाडी उन्हात राहिली की घसरते आणि आत वास भरतो.

सोलकढी

काका, पट्टी घसरली की दारात साठवून ठेवा, पावसाळ्यात गच्चीला होईल.

मुक्ता_राजापूर

वायरमनकाका, प्लॅस्टिकबद्दल शंभर टक्के. आमच्या गाडीत एका दुकानाने ते काढून टाकलंच, शिवाय कपलर कापून वायरी पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळली. सर्व्हिस सेंटरने ते बघितल्यावर काचेच्या स्विचचा क्लेमसुद्धा नाकारला, म्हणाले वायरिंगला बाहेरचा हात लागलाय. तेव्हा हातखंबा, पहिली अट हीच घाला की कंपनीची एकही वायर कापायची नाही. गाडीच्या सॉकेटला बसणारा ॲडॅप्टर कपलर दोनशे-अडीचशेला जोडी मिळतो. कंपनीचे जुने स्पीकर घरी आणा, गाडी विकताना परत बसवता येतात.

दुसरं. नवे स्पीकर लावून आणल्यावर बेस आधीपेक्षाही कमी वाटत होता. दुकानदार म्हणे आठवडाभर वाजवा, मोकळे होतील. घरी धाकट्या दिराने दीड व्होल्टचा सेल घेतला, दोन वायरी स्पीकरला क्षणभर टेकवल्या. उजव्याचा पडदा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. एकाचा प्लस-मायनस उलटा जोडला होता! सुलट केल्यावर तिथल्या तिथे बेस आला.

दापोली_ते_दाभोळ

मुक्ताताई, हे स्क्रीनवरूनही तपासता येतं. बॅलन्स मधोमध ठेवून ऐका, मग पूर्ण एका बाजूला नेऊन ऐका. एकच स्पीकर वाजताना बेस जास्त आणि दोन्ही मिळून कमी, तर एक उलटा आहे. मधल्या प्लॅस्टिकच्या कन्सोलपाशी गायकाचा आवाज एका जागी बसत नसेल तरी तेच.

चिपळूणकर_दुसरा

आमच्याकडे अँप सीटखाली लावत नाहीत. २०२१ च्या २२ जुलैच्या पुरानंतर ती फॅशन गेली.

सोलकढी

मग कुठे, छताला?

चिपळूणकर_दुसरा

हसा. डॅशच्या आत, ग्लव्हबॉक्सच्या मागे. हल्ली हातात मावतील एवढे क्लास डी अँप येतात. पुराचं सोडा, तुमच्या ओल्या चपला आणि छत्रीचं पाणी सीटखालीच जाऊन बसतं.

दर्यावर्दी

माका एक कळणा नाय, हे सगळे वायरचा नाव कित्या घेनत नाय? अँप लावशात तेव्हा बाजारातलो तयार वायरिंग किट गळ्यात मारतले. वरसून जाड, आत अल्युमिनियम, त्येच्यार तांब्याचो मुलामो. पाकिटार बारीक अक्षरात ‘सीसीए’ लिवलेला असता.

प्रमाण भाषेत सांगतो, नाहीतर घाटमाथा गोंधळेल. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा वीज कमी वाहून नेतं, म्हणजे त्याच कामाला जास्त जाड वायर लागते. ते एक वेळ चालवून घेऊ. पण जिथे टोक सोललेलं असतं तिथे खारी हवा लागली की पांढरी पूड धरते आणि जोड तापतो. मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी असते, इथे हे दिसायला फार थांबावं लागत नाही. बोटीच्या कामाला कथिल चढवलेली तांब्याची वायर वापरतात, प्रत्येक तार चंदेरी दिसते. बंदराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मागा. महाग आहे, पण छोट्या गाडीला लागते किती? थिंबल (वायरीच्या टोकाला बसतं ते धातूचं टोक) दाबून बसवा आणि वर गरम करून आवळणारी, आतून गोंदवाली नळी चढवा.

अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट लावतात ते बरोबर. पण लावून झाल्यावर त्यावर ग्रीस किंवा रंगाचा हात द्या, नाहीतर पुढच्या गणपतीला तिथे गंज आणि स्पीकरमधून इंजिनाची शिट्टी.

घाटमाथा

गोंधळलो नाही, ‘मुलामो’पर्यंत पोचलो होतो.

शिट्टीचं अजून एक कारण. सिग्नलची वायर आणि बॅटरीची वायर एकाच बाजूने आणली तरी ती येते. एक डावीकडून न्या, एक उजवीकडून. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. तो अँपच्या रक्षणासाठी नसतो, वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

जुना_वायरमन

दर्यावर्दी बरोबर बोलले. त्यात माझी भर. स्पीकर बसवायला जी रिंग लागते ती एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) घेऊ नका. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत सगळे तीच कापतात. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत ती पावासारखी फुगते आणि स्क्रू हातात येतो. प्लॅस्टिकची तयार मिळते किंवा जाड पीव्हीसी शीटची कापून घ्या. स्क्रू स्टीलचे, चुंबकाला चिकटत नाहीत ते. स्पीकरचा पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडा रबराची. कागदी पडद्याचा आवाज गोड असतो, कबूल, पण दारातल्या दमटपणात तो नरमतो, आणि फोमची कडा तर चुरा होऊन पडते.

डबलबारी_प्रेमी

धागा उशिरा दिसला. स्पीकर घेताना दुकानात जाऊन काय ऐकायचं हे कोणीच सांगितलं नाही. दुकानदार स्वतःचा पेनड्राइव्ह लावतो, त्यात धमधम आणि चिकचिक याखेरीज काही नसतं. त्याने कुठलाही स्पीकर भारीच वाटणार.

आपली डबलबारीची ध्वनिफीत न्या, पण चांगली, माइकजवळून घेतलेली. मोबाईलवर मांडवात मागे उभं राहून घेतलेली नव्हे. एका भजनात सगळी परीक्षा होते. झांज आणि टाळ कानाला टोचतात का, तो ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर. पेटी आणि बुवांचा आवाज वेगवेगळे कळतात का, की पेटी बुवांवर चढते, तो मधला भाग. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावलेली असते, तिचा घुमारा येतो का, की नुसता हात पडल्याचा फट्ट ऐकू येतो, तो खालचा भाग. गजर चढतो तेव्हा कोरस, झांज, पखवाज सगळं एकदम अंगावर येतं. तिथे स्वस्त स्पीकर गोंगाट करतो आणि बरा स्पीकर माणसं मोजू देतो.

आणि ब्लूटूथवरून नको, पेनड्राइव्हवरून. फोनवरून आलेली तीच फाईल झांजेला जरा वाळू चावल्यावानी लागते.

बेस_नको_बाबा

तुमची डबलबारी तुमच्या गाडीत राहो. माझ्या खिडकीखालून रात्री साडेअकराला एक डिक्की उघडी ठेवून जाते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. कोणी वाचलेत?

डबलबारी_प्रेमी

बाबा, तुमचा राग समजतो, पण हा माणूस नाट्यसंगीत ऐकतो. तुमच्या खिडकीखालून गेला तर तुम्हीच थांबवून घ्याल.

बेस_नको_बाबा

गायक कोण त्यावर ठरेल.

पोफळी

दारात एवढं काम करणारच आहात तर उंदरांचंही बघा. पावसाळ्यात परसात उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि नव्या वायरीची चव त्यांना विशेष आवडते. आमच्याकडे तंबाखूची पानं ठेवतात, कोणी डांबरगोळ्या. खात्रीचा उपाय कोणी सांगेल का?

चिपळूणकर_दुसरा

मांजर.

सोलकढी

आमचं मांजर बोनेटवर झोपतं आणि उंदीर बोनेटखाली. दोघांचं बरं चाललंय.

जुना_वायरमन

बोनेटमधून जाणारी वायर नालीदार नळीतून न्या आणि आरपार जाते तिथल्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. मोकळं भोक राहिलं तर तो त्यांचा दरवाजा होतो. बाकी गाडी रोज चालवणं. उभ्या गाडीतच घर करतात.

घाटमाथा

उंदीर झाले, मूळ प्रश्नावर या. दापोलीकरांचं गणित मी मान्य करतो, या बजेटात स्क्रीन बदलू नये. पण सबवूफरशिवाय (सब, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) ८० हर्ट्झच्या खाली सहा इंची स्पीकर काही करणार नाही. सीटखालचा चपटा ॲक्टिव्ह (आतच अँप असलेला) सब ८-१० हजारांत येतो. तो घ्या, बाकी कंपनीचं राहू द्या. हायवेवर टायरचा आवाज खालच्याच सुरांवर बसतो, म्हणून तिथेच भर हवी.

दापोली_ते_दाभोळ

इथे माझं जमत नाही. सब लावला की डग्गा येईल, पण गायकाचा बसलेला गळा तसाच राहणार, कारण गळा दारातल्या स्पीकरमध्ये आहे. शिवाय हे ऐकतात त्यात ८० च्या खाली फारसं काही नाही. टायरच्या आवाजावर बेस वाढवून मात करण्यापेक्षा दारातून येणारा आवाज कमी केलेला बरा. डॅम्पिंगने तो थोडा होतो, पूर्ण नाही, खालून येणारा येतच राहतो. टायरची हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, चाळीस भरून फिरू नका. हे फुकट आहे.

घाटमाथा

पुढे-मागे सब घेतील तेव्हा माझी आठवण काढा म्हणजे झालं.

हातखंबा_तिठा

सगळ्यांचे आभार, उंदरांसकट. आता नेमकं विचारतो. पुढे कोॲक्सियल (ट्विटर स्पीकरच्याच मध्यात) घेऊ की कंपोनंट (ट्विटर वेगळा)? कोॲक्सियल तीन हजारांत बसतात, कंपोनंट सहाच्या आसपास. आणि मागच्या जाळीमागे काही घालू का?

दापोली_ते_दाभोळ

मागे काही नको. गाणं समोरून यायला हवं, मागचे स्पीकर मागे बसणाऱ्यांसाठी. तुम्ही एकटे जाता-येता.

पुढे कंपोनंट. कारण असं की तुमचा दारातला स्पीकर पोटरीला गातोय. खालचे सूर कुठूनही आले तरी कानाला पोचतात, वरचे सरळ रेषेत जातात आणि वाटेत गुडघा, सीटचं कापड जे येईल त्यात मरतात. कोॲक्सियलचा ट्विटर त्याच पोटरीपाशी राहतो. कंपोनंटचा वेगळा काढून आरशामागच्या आतल्या तिकोनी प्लॅस्टिकवर बसवता येतो, मग गायक डॅशबोर्डच्या उंचीवर येतो. सेन्सिटिव्हिटी ९० च्या वर बघा, अँप नसल्यामुळे. काही कंपन्यांचे ३ ओहमचे असतात, ते स्क्रीनमधून थोडे जास्त वॉट ओढतात. घ्यायच्या आधी तुमचा स्क्रीन किती ओहमपर्यंत चालवतो ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि स्पीकरची खोली मोजून घ्या, काच खाली आल्यावर मागच्या चुंबकाला लागता कामा नये.

सगळं लावल्यावर स्क्रीनमधला लाउडनेस बंद, बेस-ट्रेबल शून्यावर. तिथून काही टोचलं तर कमी करा. वाढवायचा मोह नको.

मुक्ता_राजापूर

ट्विटरसाठी तिकोनी प्लॅस्टिकला भोक पाडणार असाल तर आधी दुसरी जोडी विकत घ्या, फार महाग नसते. मूळची जपून ठेवा.

दर्यावर्दी

आणि दुकानात सांगून ठेवा, पॅड काढताना स्क्रू-ड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची पट्टी. क्लिपा तुटल्यार दार बोंबलता.

हातखंबा_तिठा

काम झालं. हिशोब देतो, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. कंपोनंट सेट ५,८००, दोन दारांची ब्यूटाइल शीट २,४००, पीव्हीसी रिंगा आणि स्टीलचे स्क्रू ६००, कपलर आणि तिकोनी प्लॅस्टिकची जोडी ४००, मजुरी १,५००. एकूण १०,७००. फिटर पोरगा आधी कुरकुरला, पण मी स्टूल घेऊन शेजारी बसल्यावर प्लॅस्टिक अलगद सोडवलं आणि त्याच काळ्या पट्ट्यावर परत चिकटवलं. बादलीने काचेवर पाणी ओतून पाहिलं, तळाच्या भोकांतून धार आली, पॅड कोरडं.

आवाजाचं सांगायचं तर गायक आता समोर बसलाय आणि पेटी त्याच्या डावीकडे. डग्गा शहरात पूर्ण ऐकू येतो. पालीच्या पुढे वेग वाढला की थोडा बुडतो, पण आहे हे कळतं. आवाजाचा आकडा पूर्वीपेक्षा खाली ठेवून तेवढंच ऐकू येतं. ४,३०० उरलेत, ते अँपसाठी बाजूला ठेवू का?

घाटमाथा

ठेवा. हाय-लेव्हल इनपुटवाला छोटा फोर-चॅनेल घ्या, म्हणजे स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेतो, स्क्रीनला हात लागत नाही. दोन चॅनेल स्पीकरला, दोन सबला मोकळे. (सांगितलं होतं ना, आठवण काढाल.)

लावलात तर गेनची खुंटी कानाने फिरवू नका. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्क्रीन आणि अँपची जुळणी. स्क्रीन पाऊण आवाजावर ठेवा, १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा, स्पीकर सोडवून ठेवा आणि अँपच्या टोकाला मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॉट, ४ ओहम म्हणजे १४.१४ व्होल्ट. तिथे आलं की थांबा. त्यापुढे अँप फाटका आवाज देतो आणि पहिला बळी ट्विटरचा.

डबलबारी_प्रेमी

गजराला माणसं मोजता आली का?

हातखंबा_तिठा

कोरसमध्ये चार निघाले, एक सतत किंचित मागे राहतो. आधी कधी कळलं नव्हतं, आता तोच ऐकू येतो.

एक नवीन त्रास. आवाज नीट झाल्यापासून उजव्या दाराच्या पॅडमधून ठराविक सुराला खर्रर्र येतं. पेटीचा खालचा सा लागला की हमखास. हाताने पॅड दाबलं की बंद.

जुना_वायरमन

एखादी क्लिप ढिली किंवा काचेच्या मोटरची वायर मोकळी राहिली असेल. पॅड परत काढा, वायरीला कापडी टेप गुंडाळा, क्लिपांच्या मुळाशी फेल्टच्या चकत्या लावा. वीस-तीस रुपयांचं काम आहे, मजुरी देऊ नका, तो मोफत करून देईल. बुधवारी बाजार बंद असेल तर आधी फोन करून जा.

पोफळी

आमच्या टेम्पोत १२ व्होल्टचाच जुना टेप आहे, त्याला हे कंपोनंट चालतील का? दारात जागा नाही, सीटच्या मागे फळी आहे.

दापोली_ते_दाभोळ

चालतील. फळीचे फोटो टाका आणि वेगळा धागा काढा, हा आता भरला.